चुन्याच्या रेघेपलीकडे

१

मंगळवारी सकाळी सात वाजता मंगलीने आपल्या रायफलची पेटी उघडली, आणि आत सब्बल, म्हणजे खणायची पहार, निघाली. पोत्याच्या तुकड्यात नीट गुंडाळलेली, पेटीच्या बरोबर मधोमध ठेवलेली.

मी तेव्हा कचेरीत रजिस्टर काढत होतो. मी म्हणजे अश्वजित खोब्रागडे. चिमुरात माझं औषधाचं दुकान आहे, आणि कुणालाच नको असलेलं नेमबाजी मंडळाचं सचिवपद सहा वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे. पोरीने आरडाओरड केली नाही. दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, बंदूक नाई."

"कुठी ठेवली तू?" मी विचारलं.

हा माझा पहिला प्रश्न. तो मला अजून टोचतो.

मंडळाकडे परवान्याच्या चार रायफली आहेत. तीन उजव्या हाताच्या, एक डाव्या हाताची. ती डावी नागपूरच्या एका निवृत्त साहेबांनी मंडळाला दिली होती आणि चार वर्षं धूळ खात पडली होती. मग कॉलेजात शिकायला आलेली ही मंगली आमच्याकडे आली. एटापल्लीच्या पलीकडची, डावखुरी, दोन वाक्यांच्या वर न बोलणारी. दोन वर्षांत तिने त्या रायफलीचं सोनं केलं. शनिवारी नागपूरला राज्य संघाची निवड चाचणी होती. ज्युनियर मुलींत मंडळाला एकच नाव पाठवता येत होतं, आणि ते चार गुणांनी मंगलीचं ठरलं होतं. दुसरी रायफल तिच्या कामाची नव्हती. म्हणजे रायफल नाही तर चाचणी नाही, आणि वर चोरीचा आळ. एवढं सगळं त्या पोरीच्या डोक्यावर होतं, आणि मी तिला विचारत होतो, कुठी ठेवली तू.

मी आधी माझं कपाट उघडलं. सरावानंतर आम्ही रायफलींचे बोल्ट काढून घेतो, ते माझ्या किल्लीखाली असतात. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती नळी, तिच्यातून गोळी सुटत नाही. चारही बोल्ट जागेवर होते. शस्त्रखोलीचं कुलूपही शाबूत होतं, आणि त्याची किल्ली रविवार संध्याकाळपासून माझ्याच खिशात होती. सोमवारी मंडळ बंद असतं. म्हणजे जे काही झालं ते रविवारी, कुलूप लागण्याआधी, आमच्या सगळ्यांच्या नाकासमोर झालं होतं.

रविवारी आमचं श्रमदान होतं. वर्षातून दोनदा सगळे सभासद घरून फावडी, घमेली घेऊन येतात. पावसाळ्यात गोळ्या अडवणारा मातीचा उंच बांध धुऊन जातो, गवत कमरेला लागतं, टारगेटच्या लाकडी चौकटी वाळवी खाते. बांधावर नवी माती टाकणं, गवत काढणं, शस्त्रखोलीला चुना मारणं हे सगळं एका दिवसात उरकायचं. चुना मारायचा म्हणून रायफलींच्या पेट्या दिवसभर व्हरांड्यात ताडपत्रीखाली होत्या. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास वनरक्षकाचा फोन आला, नाल्याजवळ वाघ दिसला, लवकर निघा. मी जीपचा हॉर्न दाबून धरला. जो तो धावत आला, हाताला लागेल ती पेटी आत टाकली, मी कुलूप लावलं. पेटी जड लागली की उघडून कोण पाहतो?

बाकीचे सभासद रविवारी जेवून दुपारीच गेले होते; शेवटपर्यंत थांबलेले आठपर्यंत जमले. आमचे प्रशिक्षक वामनराव ठोंबरे गुरुजी, त्यांची मुलगी पिंकी, ट्रॅक्टरवाला विक्की आणि रखवालदार लालसू. सब्बल पाहिल्याबरोबर लालसूच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे तं माई सब्बल होय," तो म्हणाला. "इतवारपासून शोधून राह्यलो मी."

विक्की नवा सभासद, तोंडाचा फाटका. तो मंगलीकडे न बघता म्हणाला, "सब्बल लालसूची. बंदूक हिची. इतवारी सगळ्याईच्या फोटोच्या आधीच ही निघून गेली. आन् तिकडं जंगलात बंदूक कोणाले पायजे असते, ते मी सांगू का?"

कोणी काहीच बोललं नाही. वामनराव नाही, पिंकी नाही, मी नाही. मंगलीने फक्त पेटीचं झाकण लावलं.

२

रायफल हरवली तर पोलिसांना ताबडतोब कळवायचं असतं. नक्षलवाद्यांमुळे आमच्या भागात तर एक मिनिटही उशीर परवडत नाही. मी कागद घेतला, अर्ज लिहायला बसलो. 'कोणावर संशय आहे काय' या रकान्यापाशी माझा हात थोडा थांबला. थोडाच. मग मी सभासदांच्या अर्जांची फाइल काढली आणि मंगलीचं पूर्ण नाव, गाव, तालुका उतरवून घेतला.

तेवढ्यात केसरबाई आल्या.

केसरबाई रामटेके आमच्या मंडळाच्या उपाध्यक्षा. त्यांनी आयुष्यात बंदुकीला हात लावलेला नाही. श्रमदानाच्या दिवशी चाळीस-पन्नास माणसांचा स्वयंपाक मात्र त्या एकट्या सांभाळतात. बत्तीस वर्षं त्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात अधीक्षिका होत्या. दीडशे पोरींत कुणाचा कंगवा कुणी घेतला, कुणाची चिठ्ठी कुणी फाडली, हे शोधण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी माझ्या हातातला अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"अश्वजित, हे नाव तू काऊन लिहिलं?"

"बाई, संशयाचा रकाना हाय. सगळे म्हणून राह्यले..."

"सगळे म्हनजे विक्की." त्यांनी आवाज चढवला नाही. "तुया बापाले हॉटेलात पानी देण्याआधी लोक आडनाव विचारत. ते त्यानं मले रडून सांगतलं होतं. तू त्याचा लेक न?"

मी अर्ज टेबलावर पालथा ठेवला.

"चार वाजेपर्यंत थांब. मंग कुठी द्याचा तिथी दे," त्या म्हणाल्या. "आधी इतवारची हजेरी दाखव मले."

मी श्रमदानाची यादी पुढे केली. त्यांनी बोट फिरवलं. वामनराव विठोबाजी ठोंबरे. पिंकी वामनराव ठोंबरे. विक्की सुधाकर नन्नावरे. लालसू देवाजी मडावी. शेवटी, नुसतंच, मंगली.

"सगळ्याईचे पुरे नाव. हिचं अर्धं?"

"तवा माहीत नव्हतं बाई."

"आन् पोलिसाले द्याले दोन मिनिटात भेटलं," त्या म्हणाल्या आणि यादी मिटली.

मग त्यांनी एकेकाला आत बोलावलं. मला कोपऱ्यात बसवून ठेवलं.

विक्की आला तो तणतणत. "मले काय विचारता? मी फोटो झाल्यावर ट्रॅक्टर आणाले गेलो, बांधाच्या मांगं होता. तसाच सरळ चालत गेलो. गुरुजीनं तर दिवसभर माया जीव खाल्ला. रेघ ओलांडली, झेंडा पाह्यला का? बंदुकीले बोल्ट नाई, गोळ्या कुलपात, आन् हे म्हणते झेंडा पाह्यला का!"

यात विक्कीचं खोटं काही नव्हतं. आमच्याकडे गोळी झाडायच्या जागेपुढे चुन्याची एक रेघ आहे. ती ओलांडून बांधाकडे जायचं तर आधी दोरी ओढून लाल झेंडा वर चढवायचा, म्हणजे मागे कुणी रायफलीला हात लावत नाही. नियम वामनरावांचा. तीस वर्षांपूर्वी एनसीसीच्या शिबिरात त्यांचा मित्र झेंड्याशिवाय टारगेट सरळ करायला गेला आणि गोळी लागून पडला. गुरुजींनी त्याला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं, पण तो वाचला नाही. "त्या दिवसापासून झेंडा नसेल तर माझा पायच उचलत नाही," असं ते दर नव्या पोराला सांगतात. आम्ही मागून हसतो. बांधाजवळच्या माणसाला चहा द्यायचा असला तरी गुरुजी आधी झेंडा चढवतात.

पिंकी डोळे पुसत आली. "बाई, मी तर तुमच्यासंगच होती. फोटो झाल्यापासून हॉर्न वाजेपर्यंत नळावर स्वयंपाकाचे गंज, बगोणे घासत."

"हाव. मले माहीत हाय. रडू नको. फोटो तूच काढला न? मायावाला मोबाइल जुना हाय, तुया मोबाइलमंधी दाखव."

पिंकीने फोटो काढून दिला. खाली वेळ होती, पाच वाजून दहा. केसरबाईंनी तो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि फोन मांडीवर ठेवून घेतला.

वामनराव शांत होते. "मी फोटोनंतर टारगेटच्या पाट्या मोजत होतो. हॉर्न वाजला तसा आलो. सगळ्यांत शेवटी आलो, कारण माणसं मोजून घेणं माझं काम." मग थोडं थांबून म्हणाले, "बाई, पोलिसांत नका जाऊ इतक्यात. शनिवार होऊ द्या. कधीकधी वस्तू सापडतात."

"गुरुजी, तुमाले काय वाटते? मंगलीनं नेली असन?"

वामनराव खिडकीबाहेर बघत राहिले. "मी कुणाचं नाव घेत नाही," ते म्हणाले.

मंगली सगळ्यांत शेवटी आली. बाईंनी तिला विचारलं एकच, रविवारी लवकर काऊन गेली. तिने खिशातून एसटीचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. चार वाजून चाळीस मिनिटं. चिमूर ते गडचिरोली.

"याया दवाखान्यात हाय," ती म्हणाली. याया म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"कवाची?"

"आठ दिवस झाले."

"इथी कोणाले सांगतलं नाई?"

"कोणी विचारलं नाई."

ती गेल्यावर केसरबाई माझ्याकडे वळल्या.

"अश्वजित, तो अर्ज फाडू नको. खिशात ठेव. तुले तो लागन," त्या म्हणाल्या. "आन् लालसूले बलाव."

३

लालसू दाराच्या आत यायला तयार नव्हता. उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला.

"लालसूभाऊ," बाई म्हणाल्या, "चोरीचं मी विचारत नाई. सोमवारी सकाळी तू आला, तवा सगळ्याच्या आधी काय केलं?"

"काई नाई बाई. झाडलोट."

"त्याच्या आधी?"

लालसूने मान खाली घातली. "माई चूक झाली. गुरुजीले नका सांगू. झेंडा वरच होता. मी उतरवला."

"इतवारी नाई उतरवला?"

"तेच तं समजून नाई राह्यलं! फोटोच्या आधी मीच उतरवला, घडी करून खांबाच्या पेटीत ठेवला. देवाशपथ. मंग मी पंपाले कुलूप लावाले गेलो. सकाळी पाह्यतो तं झेंडा वर. मले वाटलं, मीच विसरलो असन. वय झालं."

केसरबाईंनी पिंकीचा फोन माझ्यासमोर धरला. "पाय. तुया डोळ्यानं पाय."

फोटोत आम्ही सगळे मातीने माखून उभे होतो. मागे झेंड्याचा खांब होता. खांब रिकामा होता. आणि डावीकडे लालसू उभा होता, दोन्ही हात सब्बलीवर टेकून.

मी दोनदा पाहिलं.

"पाच दहाले सब्बल लालसूच्या हातात हाय," बाई म्हणाल्या. "म्हनजे पेटीत ती त्याच्या नंतर गेली. तवा मंगली एसटीत होती. तुया अर्जातलं नाव तं इथीच खोडल्या गेलं."

"मग लालसू?"

"लालसू तं सांगून राह्यला की झेंडा वर होता. त्याच्या मनात काई असतं तं हे त्यानं गिळलं असतं. आन् तो बांधाकडं कवा रेघेवरून जात नाई, बाहेरच्या पांदणीच्या वाटेनं जाते." त्यांनी आवाज खाली आणला. "आता इचार कर. ज्याले बंदूक चालवाची हाय, तो बोल्टाशिवाय नेईन? विकाची असन तरी बोल्ट लागते. हे बंदूक कोणाले वापराची नव्हती. फक्त शनिवारपर्यंत दिसू नये, एवढंच होतं. फोटोनंतर कोनीतरी झेंडा चढवला आन् रेघ ओलांडली. तिकडं काय हाय? नवी, भुसभुशीत माती. हॉर्न वाजला, घाई झाली, झेंडा उतरवाचा राहून गेला."

"पण चोरी करताना झेंडा कोण चढवतो?" मी म्हणालो. "तिथं तर चिटपाखरू नव्हतं. उलट लांबून दिसतो तो."

"हाव," बाई म्हणाल्या. "तेच इचार."

मी विचार केला नाही. करायचाच नव्हता. उत्तर मला आधीच कळलं होतं.

४

चार वाजता केसरबाईंनी सगळ्यांना मैदानावर बोलावलं. ऊन उतरलं होतं. खांब रिकामा होता. बांधावरची नवी माती वाळून पांढुरकी पडली होती.

"बंदूक बांधात पुरली हाय," बाईंनी सरळ सांगून टाकलं. "चला सगळे. हुडकू."

"बांधात?" विक्की ओरडला आणि फावडं उचलून सुटला. त्याच्यामागे पिंकी धावली, लालसू नेहमीसारखा बाहेरच्या पांदणीने निघाला. मीही चालू लागलो, आणि रेघ ओलांडून चार पावलं गेल्यावर मागे वळून पाहिलं.

वामनराव रेघेवर उभे होते. त्यांचा उजवा पाय उचलला गेला होता आणि पुन्हा तिथेच टेकला होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. पण हात आपोआप खांबाकडे गेला होता आणि बोटांत दोरी होती. आपला हात कुठे आहे, हे त्यांना आमच्या नजरेवरून कळलं.

"ओढा गुरुजी," केसरबाई म्हणाल्या. "इतवारी ओढली तशीच."

मग वामनरावांनी झेंडा खरंच वर चढवला, दोरी बांधली आणि रेघ ओलांडून चालत आले. बांधाच्या उजव्या टोकाला गुडघे टेकून त्यांनी हातांनीच माती उपसली. आत टारगेटच्या जुन्या फ्लेक्समध्ये गुंडाळलेली रायफल होती. दोन्ही टोकं दोरीने बांधलेली, लोखंडाला तेल लावलेलं, नळीतून सुरक्षेची पिवळी दोरी ओवलेली. चोरी करतानासुद्धा या माणसाने रायफलीला गंज चढू नये एवढी काळजी घेतली होती. तिच्या वजनाची सब्बल शोधली होती. फक्त एका माणसाची काळजी घ्यायची राहिली होती.

"बाबा?" पिंकी म्हणाली.

"तुझं हे शेवटचं वर्ष," वामनराव तिच्याकडे न बघता बोलले. "पुढच्या वर्षी तू ज्युनियरमध्ये बसत नाहीस. तिला अजून दोन वर्षं आहेत. मला वाटलं, या खेपेला फक्त... रविवारी मीच काढून दिली असती. मातीत सापडली म्हणून. कुणाचं काही गेलं नसतं."

"मी मांगतलं होतं का तुमाले?" पिंकी किंचाळली. "चार गुण कमी पडले मले! माये कमी पडले!"

"मंगलीवर येईल असं मला वाटलं नव्हतं. खरंच वाटलं नव्हतं."

मला ते खरं वाटलं. तीस वर्षं या जिल्ह्यात शिकवलेला माणूस, पण रायफल गायब झाली की इथे बोटं कुणाकडे वळतात, हे त्याला आधी सुचलं नाही. सुचायची कधी गरजच पडली नसेल.

केसरबाईंना मात्र ते पुरेसं नव्हतं. "इतवारी नाई सुचलं, मानलं," त्या म्हणाल्या. "आज सकाळी आठ वाजता विक्की बोलला, तवा तुमी तिथीच होते न? तवा काऊन नाई बोलले? मी विचारलं, तवा काऊन नाई?"

वामनराव उठले आणि कचेरीकडे चालू लागले. विक्कीने फावडं हळूच खाली ठेवलं, मंगलीकडे एक पाऊल टाकलं आणि तिथेच थांबला.

नवा अर्ज वामनरावांनी स्वतःच्या हाताने लिहिला, माझ्या टेबलावर बसून. काय केलं, केव्हा केलं, सगळं. संशयाच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव घातलं. ते लिहीत असताना मंगली रायफल पुसत होती. मातीचा कण न कण तिने काढला. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, सकाळचा कागद मले द्या."

"कोणता?" मी उगाच म्हणालो.

तिने माझ्या खिशाकडे पाहिलं. मी खिशातून अर्ज काढून दिला. तिने तो उभ्यानेच वाचला, सावकाश, ओठ हलवत. मंगली मासा पुंगाटी, मुक्काम कोसमटोला, तालुका एटापल्ली.

"माया बापाचं नाव बरोबर लिहिलं तुमी," ती म्हणाली. "दोन वर्ष झाले, इथी कोणी मासा म्हनलं नाई. तो मेला तवाबी कोणी विचारलं नाई."

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "बस कितीची हाय शनिवारी?" तिने कागदाच्या चार घड्या करून तो पुस्तकात ठेवला आणि बोल्टासाठी हात पुढे केला.

शनिवारी ती नागपुरात दुसरी आली. तिकडेच राहून सराव करायची सोय झाली, नवी रायफलही मिळाली. पुढच्या मंगळवारी आमची रायफल तिने लालसूकडे परत आणून दिली, तेल लावून, नळीत पिवळी दोरी ओवून. लालसूच्या घरी जेवली, केसरबाईंच्या पाया पडली. कचेरीत आली नाही.

एप्रिलच्या श्रमदानाची यादी मी या वेळी आदल्या दिवशीच लिहून ठेवली. पहिलं नाव तिचंच घातलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. चाळीस माणसं आली, सह्या करून फावडी घेऊन बांधाकडे गेली. पहिल्या नावापुढची जागा कोरीच आहे.